थंड झोफी येईपर्यंत

जर्मनीत मे महिन्यात पाच संत येतात आणि जाताना उरलीसुरली थंडी घेऊन जातात, अशी समजूत आहे. ११ मे मामेर्टुस, १२ मे पांक्रात्सिउस, १३ मे झेर्वात्सिउस, १४ मे बोनिफात्सिउस आणि १५ मे झोफी. या पाचांना मिळून 'आइसहायलिगे' म्हणतात, म्हणजे बर्फाचे संत. दोन बिशप आणि तीन हुतात्मे. बागकामाशी त्यांचा हयातीत काही संबंध आला असेल असं वाटत नाही. त्यांचे स्मृतिदिन मेच्या मध्यावर येतात आणि शेतकऱ्यांनी ते थंडीच्या शेवटच्या फेरीला बांधून टाकले, इतकंच. शेवटच्या झोफीला तर इथे सरळ 'थंड झोफी' म्हणतात. ती गेली की टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी बाहेर लावायची. त्याआधी नाही.

मी लाइपझिगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अजिबात परकं वाटलं नाही. मी निफाड तालुक्यातली. मृग कधी लागतो आणि त्याचं वाहन काय, बेडूक, म्हैस की कोल्हा, यावर आमच्या ओट्यावर अजूनही तासभर गप्पा होतात. गप्पा मारणाऱ्या सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन असतो आणि त्यात हवामानाचं ॲपही असतं. तरी वाहन विचारलं जातंच.

फरक एवढाच की आपली पावसाची नक्षत्रं सूर्याला बांधलेली आहेत. सूर्य मृगात गेला की मृग लागला, म्हणून ७-८ जूनची तारीख फारशी हलत नाही. बर्फाच्या संतांची मात्र मधल्या काळात कॅलेंडरने फसवणूक केली. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केलं आणि दहा दिवस गाळले. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांनी ते बरंच उशिरा मानलं. तिथे १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. संतांच्या तारखा कागदावर तशाच राहिल्या, थंडी मात्र सूर्यानुसार चालत राहिली. म्हणजे जुन्या शेतकऱ्याची थंड झोफी आजच्या हिशोबाने मेच्या शेवटच्या आठवड्यात पडते. हवामानशास्त्रज्ञ या ठरावीक तारखांना फारसं महत्त्व देत नाहीत. पण मेच्या मध्यापर्यंत, कधी त्यानंतरही, जमिनीलगत पारा शून्याखाली जाऊ शकतो, हे तेही मान्य करतात.

*

माझ्याकडे बाग आहे असं म्हटलं की गावाकडचे लोक विचारतात, "किती एकर?" मी सांगते, "तीनशे चौरस मीटर." मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही.

ही 'क्लाइनगार्टन' प्रकारची बाग आहे, शब्दशः छोटी बाग. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लोकांना संघटनेमार्फत भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. हिचं दुसरं नाव 'श्रेबरगार्टन', आणि त्या नावाचा जन्म लाइपझिगचाच. १८६४ साली इथल्या एका मुख्याध्यापकांनी, एर्न्स्ट इनोत्सेंझ हाउशिल्ड यांनी, मुलांना मोकळ्या हवेत खेळायला मैदान हवं म्हणून एक संस्था काढली आणि तिला डॉ. श्रेबर या दिवंगत डॉक्टरांचं नाव दिलं. पुढे एका शिक्षकाने मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलं महिनाभरात कंटाळली असावीत, कारण थोड्याच काळात ते वाफे आईबापांनी ताब्यात घेतले. आज देशभर अशा सुमारे नऊ लाख बागा आहेत.

त्यांच्यासाठी १९८३चा स्वतंत्र कायदा आहे. बाग चारशे चौरस मीटरपेक्षा मोठी नको. आतली झोपडी चोवीस चौरस मीटरच्या वर नको, आणि तिच्यात कायमचं राहायचं नाही. शिवाय साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच. नुसतं लॉन लावून खुर्ची टाकली की संघटनेची चिठ्ठी येते. मला हा नियम फार आवडतो. आमच्या दादांना मी तो फोनवर सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिथं शेती केली नाही तर दंड? आपल्याकडे केली तर होतो."

दादा म्हणजे माझे वडील. दोन एकर द्राक्षबाग, थॉमसन. ती आता धाकटा भाऊ बघतो. म्हणजे काम तो बघतो आणि त्याचं काम दादा बघतात.

*

थंडीने झाड मरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे समजायला मला बाग मिळाल्यावर दोन वर्षं लागली. आधी एक गैरसमज दूर करू. आकाशातून पडतो तो बर्फ वेगळा आणि रोपांना मारणारा फ्रॉस्ट वेगळा. फ्रॉस्ट वरून पडत नाही, तो जागच्या जागी तयार होतो.

दिवसभर जमीन ऊन खाते. रात्री ती उष्णता वर, आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर ते गोधडीसारखं काम करतात, बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात. आकाश निरभ्र असेल तर गोधडी नाही. त्यात वारा पडला तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही. मग जमीन आणि तिच्या अंगावरची पानं आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होत जातात. सर्वात थंड वेळ येते ती सूर्योदयाच्या आसपास. म्हणजे एप्रिल-मेमधली ज्या संध्याकाळी तुम्ही म्हणाल 'वा, काय स्वच्छ चांदणं पडलंय', तीच संध्याकाळ बागवाल्याच्या पोटात गोळा आणते.

आता तुमच्या फोनमधल्या ॲपकडे या. ते रात्रीचं किमान तापमान ३ अंश दाखवतं आणि तुम्ही निवांत झोपता. ते तापमान जमिनीपासून दोन मीटर उंचीवरचं असतं. तुमचं टोमॅटोचं रोप वीतभर उंच आहे. शांत, निरभ्र रात्री त्याच्या उंचीवर हवा सहज तीन-चार अंश जास्त थंड असू शकते. म्हणून जर्मन हवामान खातं जमिनीपासून पाच सेंटिमीटरवरचं तापमान वेगळं मोजतं, आणि भाषेतही त्यासाठी वेगळा शब्द आहे: 'बोडनफ्रॉस्ट', जमिनीवरचा फ्रॉस्ट. उशिरा, म्हणजे झाडं जागी झाल्यावर येणारा तो 'श्पेटफ्रॉस्ट'. आमच्या घरात या सगळ्याला मिळून एकच वाक्य होतं: "थंडी पडली."

थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहते. सखल जागी साचते. वाटेत भिंत किंवा दाट कुंपण आलं तर त्याच्यामागे तुंबते. माझी बाग वसाहतीच्या खालच्या टोकाला आहे आणि तिच्यामागे रेल्वेचा भराव आहे. म्हणजे मला थंडीचं धरणच भाड्याने मिळालंय. वरच्या गल्लीत पानावर दव असतं तेव्हा माझ्याकडे पांढरी साखर असते.

पानाच्या आत काय होतं? आधी पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो. तो पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आतून सुकते, तिचं आवरण फाटतं. सकाळी ऊन आलं, बर्फ वितळला, की पान उकडलेल्या पालकासारखं लोंबायला लागतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं. वाटाणा, पालक, कोबी, बाकला यांना हे सोसतं. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, घेवडा, तुळशीची इटालियन बहीण बेसिल, यांना नाही. ही सगळी उबदार मुलखातली मंडळी. त्यांना तर शून्याची गरजही नसते, दहा अंशांखालीच ती वाढ थांबवून रुसून बसतात.

*

निफाडमध्ये बर्फ पडत नाही. तरीही महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचं नाव पहिल्या ओळीत असतं, आणि आकडा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातला हा सपाट, सखल मुलूख. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारे आले, आकाश साफ झालं की पारा चार-पाचवर उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली.

द्राक्षाची वेल त्याने मरत नाही. प्रश्न घडाचा असतो. आमच्याकडे गोडी छाटणी साधारण ऑक्टोबरची, त्यामुळे कडाक्याची थंडी येते तेव्हा मण्यांची फुगवण चालू असते किंवा मण्यात पाणी उतरत असतं. गारठ्यात मुळं काम मंद करतात, फुगवण थांबते. रात्र पाच अंश आणि दुपार अठ्ठावीस अंश असा झोका सुरू झाला की हिरवा मणी गुलाबी पडतो, त्याला 'पिंक बेरी' म्हणतात. काही मणी तडकतात. चव तीच असते. पण हिरव्या द्राक्षात गुलाबी मणी दिसला की व्यापारी घड उलटासुलटा करतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडतो. त्या एका हालचालीत वर्षभराची औषधं, मजुरी, थिनिंग, डिपिंग, सोसायटीचं कर्ज असं सगळं असतं.

म्हणून थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटतात. बांधावर जुन्या काड्या, पाचट, बगॅस, जे असेल ते. पहाटे ठिबक चालू करतात, कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं.

हिवाळ्यात भारत जर्मनीपेक्षा साडेचार तास पुढे असतो. दादा पहाटे चारला शेकोटी पेटवतात तेव्हा माझ्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. मी झोपायच्या तयारीत आणि ते व्हिडिओ कॉलवर, कानटोपी, मफलर, मागे धूर. असे आमचे कितीतरी फोन झालेत. त्यातला एक लक्षात राहिलाय. मी नुकतंच वाचलं होतं की धुराचा फ्रॉस्टवर जवळपास काही उपयोग होत नाही. जमीन जी उष्णता सोडते तिला अडवायला धुराचे कण फार बारीक पडतात. उपयोग होतो तो जाळाचा, त्याने हवा थोडी तापते आणि ढवळली जाते. तोही अनेक छोट्या शेकोट्या असतील तर. एकच मोठी पेटवली तर तिची ऊब सरळ वर निघून जाते.

मी हे दादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धुराचं मला माहितीये. तू म्हणती तशा बारक्या बारक्याच पेटवल्यात, मोज." त्यांनी फोन फिरवला. ओळींमध्ये लांबपर्यंत लाल ठिपके होते. मग म्हणाले, "आणि समजा कशाचाच उपयोग नाही. मग काय, घरात झोपून राहू?"

*

२०२४चा एप्रिल इकडच्या लोकांच्या लक्षात आहे. पहिल्याच आठवड्यात भर उन्हाळ्यासारखं ऊन पडलं. लोक तळ्याकाठी टी-शर्टात बसले. आइस्क्रीमच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. सफरचंद, चेरी, अक्रोड, द्राक्षवेली, सगळ्यांना वाटलं उन्हाळा आला आणि सगळ्यांनी डोळे उघडले. द्राक्षाच्या कळीला आपण 'डोळा' म्हणतो, तो शब्द मला त्या आठवड्यात फार आठवला. मग २० तारखेनंतर उत्तरेची हवा घुसली आणि तीन-चार रात्री पारा शून्याखाली गेला.

माझ्या शेजारच्या बागेत एक आजोबा आहेत. आम्ही एकमेकांना आडनावाने आणि 'झी'ने, म्हणजे आदरार्थीच, हाक मारतो. सात वर्षं कुंपणावरून बोलतोय तरी तसंच चाललंय, आणि दोघांनाही ते बरं वाटतं. त्या एप्रिलमध्ये ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होते. जाताना काचघराची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. आत टोमॅटोची साठ रोपं होती. बी त्यांच्या आईने धरलेलं. ती गेल्यावर दरवर्षी तेच फळ निवडून, बी धुऊन, कागदावर वाळवून त्यांनी चालू ठेवलेलं. त्या टोमॅटोला बाजारात नाव नाही. मोठा, पिवळट लाल, देठाशी चिरा पडणारा. मागच्या वर्षीचं बी सगळं पेरून झालं होतं, कारण जुन्या बियांची उगवण कमी झाली म्हणून त्यांना यंदा ताजं बी धरायचं होतं. म्हणजे ती साठ रोपं हीच काय ती शिल्लक.

लोकांना वाटतं काचघर म्हणजे सुरक्षित. हीटर नसेल तर स्वच्छ रात्री काचघर पहाटेपर्यंत बाहेरच्या जवळपास येतं. मी दुपारी तिथे गेले, दार उघडलं, आत छान बावीस अंश. त्या उबेवर विश्वास ठेवावासा वाटत होता. पण अंदाज उणे तीनचा होता, तोही दोन मीटरवरचा.

मग मी जे केलं ते क्रमाने सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी टोरांटोत असेल, कोणी म्युनिकमध्ये, आणि बाल्कनीत चार कुंड्या असतील.

जे उचलता येतं ते उचललं. हा सर्वात साधा आणि सर्वात खात्रीचा उपाय आहे. साठ रोपं चार क्रेटमध्ये बसली. क्रेट घेऊन मी ट्रामने दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत समोरच्या बाईंनी विचारलं, "आज रात्री?" मी म्हटलं, "आज रात्री." त्यांनी उठून मला जागा दिली. खरं तर टोमॅटोला दिली.

जे उचलता येत नाही त्याची माती दुपारीच भिजवली. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरते आणि रात्री हळूहळू वर सोडते. पानं मात्र ओली करायची नाहीत. बटाट्याचे कोंब नुकते वर आले होते, त्यांच्यावर माती ओढली. बटाटा जळाला तरी खालून पुन्हा फुटतो, पण महिना मागे पडतो.

स्ट्रॉबेरीला फुलं होती. त्यांच्यावर 'फ्लीस' टाकलं. हे पांढरं, न विणलेलं, अतिशय हलकं कापड असतं, चौरस मीटरला सतरा ग्रॅम. त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो. दुहेरी टाकलं तर थोडा जास्त. आच्छादनाचं काम झाडाला स्वेटर घालणं नाही, कारण झाड स्वतः उष्णता तयार करत नाही. काम आहे ते जमिनीतून येणारी उष्णता अडवण्याचं. म्हणून कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडेला दगड-माती हवी. खोडाला घट्ट गुंडाळून वर गाठ मारली तर उपयोग शून्य. प्लास्टिक वापरायचं तर काठ्यांवर ताणून, पानाला टेकता कामा नये. जिथे टेकेल तिथे पान जळतं. जुनी चादर, पुठ्ठ्याचा खोका, उलटी बादली, सगळं चालतं. सकाळी ऊन आलं की काढायचं, नाहीतर आत रोप शिजतं.

राहिलं आजोबांचं सफरचंदाचं झाड. पूर्ण मोहोरात, गुलाबी-पांढरं, चार मीटर उंच. त्याला काय घालणार?

मोठ्या फळबागांत यावर एक विलक्षण उपाय करतात. हॅम्बुर्गजवळच्या आल्टेस लांडमध्ये, इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये, फ्रॉस्टच्या रात्री झाडांवर पाणी फवारतात. पाण्याचा बर्फ होताना दर ग्रॅममागे ऐंशी कॅलरी उष्णता बाहेर पडते. फुलाभोवती बर्फाचा कवच होत राहतो आणि जोवर नवं पाणी गोठतंय तोवर आतलं फूल शून्याच्या आसपासच टिकतं. पण फवारणी मध्येच थांबली, पंप बंद पडला, पाणी संपलं, तर उलटं होतं. बाष्पीभवन सुरू होऊन फूल आधीपेक्षा थंड पडतं. म्हणजे एकदा सुरू केलं की सकाळी बर्फ वितळेपर्यंत थांबता येत नाही. दक्षिणेकडे द्राक्षमळ्यांत मेणाचे डबे पेटवतात, ओळीओळीने. त्याचे ड्रोनवरून काढलेले फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील आणि कदाचित दिवाळी म्हणून लाइकही केले असतील. त्या फोटोतला माणूस रात्रभर जागा असतो आणि मनातल्या मनात एका डब्याच्या किमतीला डब्यांच्या संख्येने गुणत असतो.

मी त्या झाडाखाली काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं.

*

पहाटे चारला मी जागी होते. माझ्या दोन खोल्यांच्या घरात साठ टोमॅटो, ओलसर हिरवा वास, आणि कॉफी. भारतात साडेसात वाजले होते. भावाला फोन लावला. तो खरड छाटणीच्या मजुरांची वाट बघत बांधावर बसला होता, अंगावर बनियन, सकाळीच घाम.

"ताई, झोपली नाहीस?"

"इकडे उणे चार."

"द्राक्षं आहेत का तिकडं?"

आहेत, मी म्हटलं. तासाभरावर झाले-उन्श्ट्रुट नावाचं खोरं आहे, तिथे उतारावर द्राक्षमळे आहेत. वाईनची द्राक्षं. तिथल्या वेलींना नुकतेच बोटभर कोंब आलेत.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कोंब गेले तर दुसरे येतील. पण त्याला घड नाही लागायचा, लागला तरी नावाला." त्याने ते खोरं कधी पाहिलेलं नाही. पुढच्या आठवड्यातल्या बातम्यांमध्ये त्या खोऱ्यातले आणि सॅक्सनीतले शेतकरी जवळपास हेच बोलत होते. काही बागांमध्ये पूर्ण पीक गेलं होतं.

याच्या मागचं गणित विचित्र आहे. पृथ्वी तापतेय तर फ्रॉस्टचं नुकसान कमी व्हायला हवं, असं वाटतं. पण झाडं त्याहून वेगाने लवकर जागी होतायत. पूर्वी एप्रिलच्या गारठ्यात डोळा मिटलेला असायचा, आता उघडा असतो. २०२१च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये असंच झालं होतं. त्यावर 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की थंडीची तीव्रता हवामानबदलामुळे कमीच झाली आहे, पण कोंब फुटल्यानंतर असा फ्रॉस्ट येण्याची शक्यता सुमारे साठ टक्क्यांनी वाढली आहे. थंडी सौम्य होतेय, आणि तरीही जास्त मारतेय.

भावाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे पण तेच. थंडी तीच, टायमिंग बदललं."

*

आजोबा मेच्या पहिल्या आठवड्यात कुबड्या घेऊन आले. टोमॅटोकडे त्यांनी नुसती नजर टाकली, मान हलवली, आणि सरळ सफरचंदाकडे गेले. फुलं वरून शाबूत दिसत होती. त्यांनी एक तोडून नखाने उभं चिरलं. मधला भाग तपकिरी. दुसरं, तपकिरी. दहा-बारा फुलं चिरल्यावर वरच्या फांदीवरचं एक आतून हिरवं निघालं. त्यांनी ते मला दाखवलं. एवढंच.

मग कुंपणाला टेकून त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. साठ रोपांमधली वीस रोपं ते दरवर्षी झोफीच्या आधी लावतात, फ्लीसखाली. वीस झोफीनंतर. वीस जूनच्या पहिल्या आठवड्यात. लावण्याआधी दहा दिवस रोपं रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवायची, आधी सावलीत, मग उन्हात, म्हणजे त्यांचं अंग घट्ट होतं. कुठल्या वर्षी कुठली वीस चांगली येतील ते सांगता येत नाही. "सगळी एका दिवशी लावतो तो हवामानाशी जुगार खेळतो," ते म्हणाले. "मी तीन छोटे जुगार खेळतो."

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक जुना वाद पुन्हा निघाला होता. त्याच्या आधीच्या जानेवारीत पिंक बेरीने आमचा एक प्लॉट निम्म्या भावाने गेला होता. भावाचं म्हणणं, एक एकर बाग तोडावी आणि तिथे दुसरं काही करावं. दादांचं म्हणणं, बाग तोडायची असेल तर आधी मला तोडा. बागेच्या कर्जाचा एक हप्ता मी भरते, म्हणून मलाही मत विचारलं जातं. हे मत देणं मला नेहमी अवघड जातं. माझी एक रात्र वाया गेली तर साठ रोपं जातात, आणि तीही दुसऱ्याची. त्यांची गेली तर वर्ष जातं. मी ज्या थंडीला छंद म्हणून तोंड देते तिच्यावर त्यांचं घर चालतं. हप्ता भरल्याने हा फरक मिटत नाही.

तरी मी आजोबांचं गणित व्हिडिओ कॉलवर मांडलं. दोन एकर एकदम छाटू नका. एक एकर सप्टेंबरअखेर, दुसरा ऑक्टोबरअखेर. थंडी आली तर दोन्ही प्लॉट एकाच अवस्थेत सापडणार नाहीत.

भावाला हे नवं नव्हतं. परिसरात छाटण्या मागेपुढे करणारे आहेतच. त्याची अडचण वेगळी होती. दोन छाटण्या म्हणजे मजुरांची टोळी दोनदा बोलवायची, औषधांचं वेळापत्रक दोन, डावणी-भुरीचं लक्ष दोन ठिकाणी, आणि लवकरच्या छाटणीला परतीच्या पावसाचा धोका. "ताई, तुझ्या आजोबांचे साठ टोमॅटो आहेत. त्यांना टोळी लागत नाही." हे खरं होतं आणि मी तसं म्हटलं.

दादा इतका वेळ काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "खर्च वाढंल. पण झोप लागंल. एक रात्र निम्मीच बाग जागवायची."

पुढचे दोन महिने दोघे त्यावर भांडले. मला त्यातलं रोजचं काही कळत नव्हतं, फक्त भाऊ अधूनमधून लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायचा. शेवटी छाटणी दोन तारखांना झाली. त्या हंगामात एका प्लॉटला पावसाने थोडं छळलं, दुसऱ्याला थंडीने थोडं. दोन्हीचे भाव वेगळे आले. भाऊ म्हणतो, फार काही कमावलं नाही, पण हप्ता आपल्या आपण भरला. बाग तोडायचा विषय त्याने सोडलेला नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत ढकललाय.

आजोबांच्या टोमॅटोचं बी त्या वर्षी भरपूर निघालं. त्यांनी ते तीन पाकिटांत भरलं. एक स्वतःकडे ठेवलं, एक मुलीला ड्रेस्डेनला पाठवलं आणि एक कुंपणावरून माझ्या हातात दिलं. पाकिटावर पेन्सिलने त्यांच्या आईचं नाव आणि साल लिहिलंय. मी मार्चमध्ये ते खिडकीत पेरते, तीन तारखांना.